वलयी कृमींचे आद्यस्तर आणि खंडमय शरीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांडूळ, जळू आणि समुद्रकाठच्या चिखलात राहणारा नेरीस हे तिघेही वलयी प्राणी, म्हणजे ॲनेलिडा संघातले. या संघात आजवर १७,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. दहावीच्या विज्ञानापासून बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रापर्यंत त्यांची ओळख 'त्रिस्तरीय, सत्य देहगुहा असलेले, खंडीभूत' अशी करून दिली जाते. ही तीन विशेषणे बहुतेकांना सुटी-सुटी पाठ असतात. खरे तर ती एकातून एक निघतात. मधला थर आला म्हणून देहगुहेला, म्हणजे शरीरभित्ती आणि आतडे यांच्यामधल्या पोकळीला, जागा झाली, आणि त्या थराचे तुकडे पडत गेले म्हणून शरीराला खंड पडले. हे एकदा लक्षात आले की या प्राण्यांची शरीररचना वेगळी पाठ करावी लागत नाही. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत मध्यस्तराचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

आद्यस्तर म्हणजे नेमके काय?

फलित अंड्याचे विभाजन होत होत आधी पेशींचा एक गोळा तयार होतो. मग काही पेशी आत शिरतात, काही बाहेर राहून आतल्या पेशींवर पसरतात आणि भ्रूणात पेशींचे थर दिसू लागतात. हेच आद्यस्तर. बाहेरचा तो बाह्यस्तर, सर्वांत आतला अंतःस्तर आणि दोहोंच्या मधला मध्यस्तर. हायड्रा आणि जेलीफिश यांच्यात खरा मध्यस्तर नसतो, म्हणून त्यांना द्विस्तरीय म्हणतात. वलयी प्राण्यांत तिन्ही थर असतात.

थरांची कल्पना मुळात कोंबडीच्या अंड्यातून आली. ख्रिश्चन पँडर यांनी १८१७ साली कोंबडीच्या भ्रूणातले थर वर्णन केले. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२८ पासून तीच कल्पना इतर पृष्ठवंशीय प्राण्यांपर्यंत नेली. बिनकण्याच्या प्राण्यांतही असेच थर असतात हे दाखवण्याचे मोठे श्रेय रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांना जाते. त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गांडुळाचे भ्रूणही होते. पुढे दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये रे लँकेस्टर यांनी थरांच्या संख्येवरून प्राण्यांची विभागणी मांडली. आपण आज वापरतो ती द्विस्तरीय-त्रिस्तरीय भाषा तिथून पुढे रुळली.

गांडुळात कोणत्या थरापासून कोणता अवयव बनतो?

बाह्यस्तरापासून त्वचेचा पेशीथर बनतो. त्यावरचे पातळ, चमकदार आवरण, म्हणजे क्युटिकल, याच पेशी स्रवतात. हे आवरण कोलॅजेनचे असते, कायटिनचे नव्हे. त्याउलट दृढरोम, म्हणजे त्वचेतून बाहेर येणारे ताठ, बारीक रोम, मात्र कायटिनचे असतात आणि तेही बाह्यस्तराचेच काम. त्वचेचा छोटा खळगा आत जातो आणि त्याच्या तळाची पेशी रोम घडवते. मेंदू, घशाभोवतीचे चेताकडे आणि पोटाच्या बाजूने शेवटपर्यंत जाणारा चेतारज्जू हेही बाह्यस्तरापासून तयार होतात. नवशिक्यांना याचे नवल वाटते, कारण चेतारज्जू शरीराच्या आत असतो आणि बाह्यस्तर म्हटले की डोळ्यांपुढे कातडीच येते. पण थराचे नाव तो भ्रूणात कुठे होता यावरून पडलेले असते. प्रौढ प्राण्यात तो अवयव कुठे जाऊन बसला याच्याशी त्या नावाचा संबंध नाही.

अंतःस्तराच्या वाट्याला फार थोडे येते: मध्यांत्राचे, म्हणजे अन्न पचवणाऱ्या आणि शोषणाऱ्या भागाचे, आतले अस्तर. इतकेच.

उरलेले जवळजवळ सगळे मध्यस्तराचे. शरीरभित्तीतले वर्तुळाकार आणि लांबीच्या दिशेचे स्नायू, आतड्याभोवतीचे स्नायू, देहगुहेचे अस्तर, खंडाखंडांमधले पडदे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, आणि वृषण-अंडाशय ज्या अस्तराला चिकटून वाढतात ते अस्तरही. आतड्यावर पिवळसर पेशींचा एक थर दिसतो, त्यांना क्लोरॅगोजन पेशी म्हणतात. त्या आतड्याला लगटून असल्या तरी अंतःस्तराच्या नाहीत. देहगुहेच्या अस्तरातल्याच पेशींचे ते बदललेले रूप आहे. ग्लायकोजेन आणि मेद साठवणे, नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ हाताळणे अशी यकृतासारखी कामे त्या करतात. आपले यकृत अंतःस्तरापासून बनते, गांडुळात तेच काम मध्यस्तर करतो. कामात साम्य दिसले म्हणून उगमही एक असेल असे धरून चालू नये, याचे इतके चांगले उदाहरण क्वचित सापडते.

अन्ननलिका अंतःस्तराची असते ना? मग मुखगुहा बाह्यस्तराची कशी?

पूर्ण नलिका अंतःस्तराची नसते. पुढच्या टोकाला बाह्यस्तर आत वळतो आणि मुखाकडचा भाग बनतो, मागच्या टोकाला तसाच आत वळून गुदद्वाराकडचा आखूड भाग बनतो. मधला लांब पल्ला तेवढा अंतःस्तराचा. नेरीसच्या घशातले काळपट, टणक जबडे पाहिले की हे पटते, कारण ते घशाच्या अस्तराने स्रवलेले आहेत आणि ते अस्तर म्हणजे आत वळलेला बाह्यस्तरच.

मध्यस्तर येतो कुठून?

या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे. वलयी प्राण्यांच्या अंड्याचे विभाजन सर्पिल पद्धतीने होते. पहिल्या दोन विभाजनांनंतर चार पेशी होतात. त्यांना ए, बी, सी आणि डी अशी नावे आहेत. पुढे या मोठ्या पेशी वरच्या बाजूला छोट्या पेशींचे चौकडे सोडत जातात, आणि प्रत्येक चौकडा आधीच्या चौकड्याच्या तुलनेत तिरका बसतो. एकदा उजवीकडे कललेला, पुढच्या वेळी डावीकडे. विभाजनाचा क्रम इतका काटेकोर असतो की प्रत्येक पेशीला नाव देऊन तिचे वंशज मोजता येतात.

अमेरिकेतल्या चार्ल्स व्हिटमन यांनी १८७८ साली जळवांच्या भ्रूणात आणि एडमंड विल्सन यांनी १८९२ साली नेरीसच्या भ्रूणात नेमके हेच केले. हातात फक्त साधा सूक्ष्मदर्शक आणि अमाप चिकाटी होती. विल्सन यांच्या कामातून नीट पुढे आलेली गोष्ट अशी की धडाचा बहुतेक मध्यस्तर एकाच पेशीतून येतो. ही पेशी चौथ्या चौकड्यातली, डी बाजूची. तिला फोर-डी म्हणतात. ती दुभंगून डावी-उजवी अशा दोन पेशी होतात, आणि त्या दोघी शरीराच्या मागच्या टोकाशी राहून पुढच्या दिशेने पेशींचे दोन पट्टे घडवत जातात. गांडूळ आणि जळू यांच्यातही मागच्या टोकाशी अशाच मोठ्या पेशी असतात. त्यांना टेलोब्लास्ट म्हणतात.

म्हणजे प्रौढ कृमीच्या स्नायूंचा, पडद्यांचा आणि देहगुहेच्या अस्तराचा जवळजवळ सगळा वंश एका पेशीपर्यंत मागे नेता येतो. गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांतही ही फोर-डी पेशी असते आणि हेच काम करते. शिंपले-गोगलगायी आणि वलयी कृमी हे जवळचे नातलग आहेत, असे प्राणिशास्त्रज्ञ म्हणतात त्यामागे हा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे.

देहगुहा कशी तयार होते? तिला 'सत्य' का म्हणतात?

मध्यस्तराचे ते दोन पट्टे सुरुवातीला भरीव असतात. मग त्यांत पुढून मागे एकेक गठ्ठा वेगळा होतो, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या आत फट पडून पोकळी तयार होते. डावी-उजवी अशी पोकळ्यांची जोडी प्रत्येक खंडात येते. त्या फुगतात, आतड्याला दोन्ही बाजूंनी वेढतात, पुढच्या-मागच्या खंडांच्या पोकळ्यांना भिडतात. दोन शेजारी खंडांच्या पोकळ्यांच्या भिंती जिथे पाठीला पाठ लावून बसतात, तिथे आडवा पडदा तयार होतो. पडदा वेगळा कुठून येत नाही, तो दोन पोकळ्यांच्या भिंतींचा मिळून झालेला असतो.

'सत्य' म्हणण्याचे कारण अस्तरात आहे. या पोकळीला बाहेरून शरीरभित्तीच्या बाजूला आणि आतून आतड्याच्या बाजूला, दोन्हीकडे मध्यस्तराचे अस्तर असते. जंतांच्या, म्हणजे गोलकृमींच्या पोकळीत ते फक्त बाहेरच्या बाजूला असते, आतड्याला मध्यस्तराचे अस्तर मिळत नाही, म्हणून ती आभासी देहगुहा. चपट्या कृमींत पोकळीच नसते, मधली जागा पेशींनी भरलेली असते.

आतड्याला स्वतःचे स्नायू मिळाले, आणि ते शरीरभित्तीपासून पोकळीने वेगळे झाले, याचा परिणाम मोठा आहे. गांडूळ पुढे सरकत असताना त्याच्या आतड्यातली माती आपल्या गतीने मागे सरकत राहते. चालण्याची आणि पचनाची हालचाल एकमेकींना अडवत नाहीत.

फट पडून देहगुहा होण्याच्या या पद्धतीला वलयी, संधिपाद आणि मृदुकाय प्राण्यांचे लक्षण मानतात. तारामाशासारख्या प्राण्यांत ती आतड्याच्या पिशव्या वेगळ्या होऊन बनते. पाठ्यपुस्तकात ही विभागणी फार स्वच्छ दिसते, पण ती नियम म्हणून घोकू नका. माणसासह पृष्ठवंशीय प्राणी तारामाशाच्या गटात बसवले जातात, तरी आपल्या भ्रूणात देहगुहा मध्यस्तराला फट पडूनच होते.

बाहेर दिसणारी प्रत्येक वळी म्हणजे एक खंड का?

गांडुळात साधारण तसे म्हणता येते. जळूत मुळीच नाही. भारतात वर्गात शिकवली जाणारी गुरांची जळू, हिरुडिनेरिया, हिच्या शरीरात ३३ खंड मोजतात, पण बाहेरून वळ्या कितीतरी जास्त दिसतात, कारण शरीराच्या मधल्या भागात एका खंडावर पाच वळ्या असतात. वळ्या त्वचेपुरत्या असतात. खरा खंड ओळखायचा तर आत पाहावे लागते: चेतारज्जूवरची एक गुच्छिका, म्हणजे चेतापेशींची गाठ, वृक्ककांची, म्हणजे उत्सर्जनाच्या नळ्यांची, जोडी, रक्तवाहिन्यांच्या शाखा, स्नायूंचे ठरावीक गट, हे सारे एकत्र पुन्हा पुन्हा येते, ते खंडाचे एकक.

आणखी एक बारकावा. तोंडावर पुढे झुकलेला मांसल भाग आणि गुदद्वाराचे शेवटचे टोक, या दोन्हींना खंड म्हणत नाहीत. ते मध्यस्तराच्या पट्ट्यांपासून बनत नाहीत. नेरीससारख्या समुद्री कृमींत ते पाण्यात पोहणाऱ्या ट्रोकोफोर अळीच्या दोन टोकांपासून येतात. त्या अळीला खंड नसतातच. ते नंतर, दोन टोकांच्या मध्ये भर पडत जाऊन येतात.

नवीन खंड कुठे जोडला जातो, डोक्याकडे की शेपटीकडे?

शेपटीकडे, अगदी शेवटच्या टोकाच्या जरा पुढे. तिथे वाढीचा पट्टा असतो. त्यामुळे डोक्याजवळचा खंड सर्वांत जुना आणि शेपटीजवळचा सर्वांत नवा. पट्टकृमीचे याच्या उलट असते. त्याचे तुकडे मानेजवळ तयार होतात आणि मागे ढकलले जातात, म्हणून शेवटचे तुकडे सर्वांत जुने, अंड्यांनी भरलेले असतात आणि गळून पडतात. पट्टकृमीला देहगुहाही नाही. 'दोघांनाही तुकडे आहेत, मग दोघे एकाच संघात का नाहीत' या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे.

खंड पाडण्याचे काम कोणता थर करतो?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी मिळाले, आणि ते मध्यस्तराकडे बोट दाखवते.

१९७८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे डेव्हिड वाइसब्लाट, रॉय सॉयर आणि गंथर स्टेंट यांनी जळूच्या भ्रूणातल्या एकेका पेशीत एक विकर टोचून तिचे वंशज कुठे जातात ते पाहण्याची पद्धत विकसित केली. व्हिटमन यांनी डोळ्यांनी जे टिपले होते ते आता रंगाने दिसू लागले. हेलोब्डेला या छोट्या जळूत टेलोब्लास्टच्या पाच जोड्या असतात: एक जोडी मध्यस्तराची, तिला एम म्हणतात, आणि चार बाह्यस्तराच्या, एन, ओ, पी आणि क्यू. प्रत्येक टेलोब्लास्ट एकामागून एक छोट्या पेशी सोडतो आणि त्यांची रांग लागते. एम, ओ आणि पी यांच्या रांगेतली एक पेशी एका खंडाला पुरते, एन आणि क्यू यांच्या रांगेतल्या मात्र दोन लागतात. म्हणजे वेगवेगळ्या रांगांना एकमेकींशी जुळवून घ्यावे लागते. मग मोजमाप कोण ठरवते?

जपानमध्ये ताकाशी शिमिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्युबिफेक्स या गोड्या पाण्यातल्या लाल कृमीवर त्याचा छडा लावला. घरी मासे पाळणारे ट्युबिफेक्सला मत्स्यखाद्य म्हणून ओळखतात. भ्रूणाच्या एका बाजूचा मध्यस्तर काढून टाकला तर त्या बाजूच्या बाह्यस्तरात गुच्छिका नीट खंडाखंडांत बसत नाहीत. बाह्यस्तर काढला तरी मध्यस्तर मात्र आपले खंड पाडतो. मध्यस्तर स्वतंत्रपणे मोजतो, बाह्यस्तर त्याच्याकडून मोजमाप घेतो.

आणि अंतःस्तर? गांडुळाचे आतडे तर खंडांची पर्वा न करता सलग जाते. गुरांच्या जळूत वेगळे दिसते: तिच्या अन्नपुटाला दहा कप्पे असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंना पिशव्या असतात. हे पाहून अंतःस्तरालाही स्वतःचे खंड असतात असे वाटेल. पण हेलोब्डेलावरच्या प्रयोगांत दिसले की अंतःस्तरात हे खंड पडायला सभोवतालचा मध्यस्तर लागतो. तो नसेल तर खंडही पडत नाहीत. तीन थरांत खंडांचा हिशेब ठेवणारा थर एकच, मधला.

खंड असण्याचा गांडुळाला उपयोग काय?

हाडे नसताना जोर लावायचा तर आत दाबलेले पाणी लागते. देहगुहेतला द्रव ते काम करतो. वर्तुळाकार स्नायू आवळले की खंड बारीक होऊन लांबतो, लांबीचे स्नायू आवळले की तो आखडून जाड होतो. पाण्याने भरलेला फुगा मधोमध दाबला तर जे होते तेच. जाड झालेल्या भागातले दृढरोम बाहेर येऊन मातीत रुततात, बारीक झालेला भाग पुढे सरकतो. ही लाट पुढून मागे जाते आणि प्राणी मागून पुढे.

पडदे नसते तर एका ठिकाणचा दाब सगळ्या शरीरभर पसरला असता. पडद्यांमुळे एक भाग जाड आणि त्याच वेळी शेजारचा बारीक असे करता येते. शिवाय एखाद्या खंडाला इजा झाली तरी सगळा द्रव वाहून जात नाही.

सर्वच खंडांत पडदे नसतात, हेही लक्षात घ्या. फेरेटिमात, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या गांडुळात, पहिल्या चार खंडांत पडदे नाहीत, घसा पुढे-मागे हलवायला तिथे मोकळी जागा लागते. मागच्या पडद्यांना छिद्रे असतात आणि ती गरजेनुसार आवळली जातात.

जळूला पडदे नाहीत, देहगुहा जवळपास नाही. मग ती सत्य देहगुहेची कशी?

भ्रूणात पाहा, तिथे जोड्या-जोड्यांच्या पोकळ्या नीट तयार होतात. पुढे वाढीत पडदे नाहीसे होतात आणि पोकळीत एक विशिष्ट ऊती भरत जाते. उरलेल्या पोकळीच्या नळ्या होतात, आणि हिरुडिनेरियात रक्तवाहिन्यांच्या जागी याच नळ्या काम करतात. वृषणांच्या अकरा जोड्यांभोवतीच्या पिशव्याही देहगुहेचाच राहिलेला भाग आहे.

याची साखळी जोडून दाखवणारा एक प्राणी आहे: ॲकॅन्थोब्डेला. उत्तरेकडच्या थंड पाण्यात सामन कुळातल्या माशांवर राहणारी ही जळूसारखी कृमी. तिच्या पुढच्या पाच खंडांत दृढरोम आणि देहगुहेचे कप्पे दोन्ही टिकून आहेत.

जळू गांडुळासारखी लाटेने चालत नाही. दोन चूषकांनी आलटून पालटून पकड घेत अख्खे शरीर लांबवते आणि आखडते. रक्त पिऊन ती टम्म फुगते तेव्हा आडवे पडदे अडचणच करतील.

वृक्कके कोणत्या थराची? दोन पुस्तकांत दोन उत्तरे आहेत.

जुन्या मांडणीत, विशेषतः इंग्लंडचे एडविन गुडरिच यांच्या, वृक्कके बाहेरून आत वाढणारी, बाह्यस्तराची; आणि जननपेशी बाहेर नेणाऱ्या नळ्या आतून बाहेर वाढणाऱ्या, मध्यस्तराच्या. नंतर जळूंमध्ये पेशींचे वंश तपासले तेव्हा वृक्ककाच्या बऱ्याच भागात मध्यस्तराचा वाटा दिसला. म्हणून पुस्तकांत फरक आहे. परीक्षेत तुमच्या विद्यापीठाच्या नेमलेल्या पुस्तकाप्रमाणे लिहा, पण हा वाद का झाला ते समजून घ्या.

वृक्ककांचा विषय निघालाच आहे तर कर्म नारायण बहल यांचे नाव घ्यायलाच हवे. पुढे लखनौ विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या बहल यांनी १९१९ साली फेरेटिमातली वेगळ्या प्रकारची वृक्कके जगापुढे आणली. पंधराव्या खंडाच्या मागे प्रत्येक पडद्यावर ती दाटीने असतात आणि बाहेर न उघडता आतड्यात उघडतात. टाकाऊ द्रवातले पाणी आतड्यात परत शोषले जाते. लांब कोरडा हंगाम असलेल्या आपल्या मातीत हे मोलाचे.

गांडूळखताच्या हौदातले गांडूळ मोजले, पण पुस्तकातले आकडे जुळत नाहीत. का?

दरवर्षी प्रकल्प करणाऱ्या मुलांना ही अडचण येते, आणि बिचारी आपलेच मोजणे चुकले असे समजतात. मोजणे बरोबर असते, जात वेगळी असते.

आपल्या पाठ्यपुस्तकांतले वर्णन फेरेटिमा पोस्थुमाचे आहे, आता तिला मेटाफायर पोस्थुमा म्हणतात. तिच्यात साधारण १०० ते १२० खंड, क्लायटेलमचा जाड पट्टा १४ ते १६ या तीन खंडांवर, मादी जननछिद्र चौदाव्यावर एकच, नर जननछिद्रांची जोडी अठराव्यावर. दृढरोम खंडाच्या मध्यावर पूर्ण कडे करून असतात.

महाराष्ट्रात गांडूळखतासाठी सर्वाधिक वापरली जाते ती आयसेनिया फेटिडा, युरोपातून जगभर गेलेली. तिचा क्लायटेलम बराच मागे, साधारण २५ ते ३२ या खंडांच्या दरम्यान असतो. नर छिद्रे पंधराव्या खंडावर. दृढरोम प्रत्येक खंडात फक्त आठ, दोन-दोनच्या चार जोड्यांत. भिंगातून पाहिले तर हा फरक लगेच दिसतो. काही ठिकाणी युड्रिलस युजेनी ही आफ्रिकी जातही असते. तिचा पट्टा पुन्हा पुढे, साधारण १४ ते १८ वर असतो.

म्हणून आधी क्लायटेलम कोणत्या खंडावर सुरू होतो ते मोजा, दृढरोमांची मांडणी बघा, मग जात ठरवा आणि त्यानंतरच पुस्तक उघडा. मोजताना पुढचा मांसल भाग धरू नका, तोंड असलेला खंड पहिला. पाहणी झाली की गांडूळ ओल्या मातीत परत सोडा.

गांडूळ मधोमध कापले तर दोन गांडुळे होतात का?

नाही. पुरेसे खंड असलेला पुढचा तुकडा जगला तर शेपटी पुन्हा येऊ शकते, मागचा तुकडा सहसा मरतो. किती परत येते ते जातीवर आणि कापल्या जागेवर अवलंबून असते. लंब्रिक्युलससारख्या काही पाणकृमी मात्र स्वतःहून तुकडे होऊन वाढतात, आणि त्यांचा छोटा तुकडाही डोके व शेपटी दोन्ही परत घडवतो.

झुरळालाही खंड आहेत. मग झुरळ आणि गांडूळ जवळचे नातलग का?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या जॉर्ज क्यूव्हिए यांना तसेच वाटले. त्यांनी दोघांना खंडमय प्राण्यांच्या एका मोठ्या गटात घातले, आणि ही समजूत दीडशे वर्षांहून अधिक टिकली. १९९० च्या दशकात रेणूंच्या तुलनेने ती मोडली. १९९७ साली मांडलेल्या नव्या गटवारीत कीटक आणि इतर संधिपाद हे कात टाकणाऱ्या प्राण्यांबरोबर, म्हणजे गोलकृमींच्या बाजूला गेले. वलयी प्राणी शिंपले-गोगलगायींच्या बाजूला राहिले. फोर-डी पेशीचा पुरावा आधीपासून तेच सांगत होता.

खंड दोन्हीकडे स्वतंत्रपणे आले, की फार जुन्या पूर्वजात होते आणि अनेक शाखांत हरवले, यावर वाद चालू आहे. मला पहिली बाजू अधिक पटते. दोघांच्या मध्ये खंड नसलेले इतके गट आहेत की सगळीकडे ते हरवले असे मानणे जड जाते.

खंड नसलेला वलयी प्राणी असू शकतो का?

असतात. एकियुरा आणि सायपंक्युला हे पूर्वी स्वतंत्र संघ मानले जात, आता ते ॲनेलिडातच धरतात. प्रौढपणी त्यांच्या धडाला खंड दिसत नाहीत, पण एकियुराच्या अळीत चेतासंस्थेची खंडवार मांडणी सापडली आहे.

खोल समुद्रातल्या उष्णजलीय झऱ्यांजवळचा मोठा नळीकृमी, रिफ्टिया, याहून विलक्षण. प्रौढाला तोंड नाही आणि आतडेही नाही. शरीरातल्या एका अवयवात जीवाणू राहतात आणि तेच त्याला अन्न पुरवतात. हा अवयव म्हणजे बदललेले आतडे असे आधी मानत असत. अळ्यांच्या अभ्यासातून दिसले की जीवाणू त्वचेतून शिरतात आणि अवयव मध्यस्तरापासून बनतो. खंड त्याच्या शरीराच्या अगदी शेवटच्या छोट्या भागात राहिले आहेत. त्याच्या नात्यातल्या बारीक नळीकृमींत तो भाग नळीत खोल रुतलेला असल्याने ओढून काढलेल्या पहिल्या नमुन्यांत तुटून मागेच राहायचा, आणि म्हणून या गटाचे वर्गीकरण कित्येक वर्षे अडून बसले होते.

गांडुळाच्या आडव्या छेदाची आकृती काढताना कशाकडे लक्ष द्यावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर विच्छेदने बंद होत गेली, त्यामुळे आता काचपट्टीवरच्या आडव्या छेदालाच महत्त्व आले आहे. बाहेरून आत या क्रमाने काढा: क्युटिकल, त्वचेचा पेशीथर, वर्तुळाकार स्नायू, लांबीच्या स्नायूंचे गठ्ठे, देहगुहेचे बाहेरचे अस्तर, मोकळी देहगुहा, मग देहगुहेचे आतले अस्तर, आतड्याचे स्नायू आणि शेवटी आतड्याचे अस्तर. आतले अस्तर बहुतेक जण विसरतात, आणि तेच विसरले तर आकृतीतली देहगुहा आभासी ठरते.

छेद मधल्या भागाचा असेल तर आतड्याच्या वरच्या बाजूने आत लोंबणारी घडी दाखवा. फेरेटिमात ती सव्विसाव्या खंडाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे पुढच्या भागातल्या छेदात काढू नका. चेतारज्जू पोटाच्या बाजूला, मोठी रक्तवाहिनी पाठीच्या बाजूला.

रंग द्यायचे असतील तर भ्रूणशास्त्रात जुना संकेत आहे: बाह्यस्तराला निळा, मध्यस्तराला लाल, अंतःस्तराला पिवळा. क्लोरॅगोजन पेशींना काचपट्टीवर कोणताही रंग दिसो, आकृतीत त्यांना लालच द्या. चेतारज्जू लाल स्नायूंच्या आत बसलेला दिसला तरी निळा.